‘करस’ आणि ‘करी ऱ्हायना’: खान्देशातून इंग्रजी शिक्षकाच्या परीक्षेची तयारी

इंग्रजीत एम.ए. केलेला उमेदवार टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, नापास झाला की घरच्यांना नवल वाटतं. गुणांची विभागणी समोर ठेवली की नवल राहत नाही. पेपर २, म्हणजे सहावी ते आठवीच्या शिक्षकांचा, १५० गुणांचा. बालविकास व अध्यापनशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३० आणि उरलेले ६० गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. खुल्या प्रवर्गाला पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के, म्हणजे ८२.५, अर्धा गुण कुणी देत नाही, म्हणून ८३ धरा. इंग्रजीत ३० पैकी २७ आणले तरी ९० गाठायला बाकीच्या १२० पैकी ६३ लागतातच. तेव्हा इंग्रजीवाल्याने इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राची बालभारतीची पुस्तकं आजच टेबलावर काढून ठेवावीत. त्याबद्दल या लेखात पुढे फारसं काही नाही, पण ती वगळून चालणार नाही.

आधी परीक्षा ओळखा

‘इंग्रजी शिक्षकाची परीक्षा’ अशी एकच परीक्षा नसते. चार प्रकारच्या परीक्षा आहेत आणि चौघींची भूक वेगळी.

राज्याची टीईटी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. १५० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इथल्या इंग्रजीत उतारा, व्याकरण, शब्दसंपत्ती आणि भाषा कशी शिकवावी यावरचे प्रश्न येतात. साहित्याचा इतिहास इथे जवळपास नाहीच. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीला ५ वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही ती पास व्हायला सांगितलं आहे. त्यामुळे परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या बाकावर तुमचेच जुने सर दिसले तर दचकू नका.

सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा, रचनेने तशीच. तिच्यात प्रत्येक भाषेच्या ३० पैकी १५ प्रश्न उताऱ्यांवर आणि १५ भाषाशिक्षणावर असतात.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, हे तिसरंच प्रकरण. नाव टीईटीसारखं वाटतं म्हणून नवखे गोंधळतात. २०० प्रश्न, १२० मिनिटं, संगणकावर. १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ; तिथली निवड या गुणांवर चालते. प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात, म्हणजे ही वेगाची परीक्षा. इथे इंग्रजी असतं ते समानार्थी शब्द, चूक शोधा, गाळलेली जागा एवढ्यापुरतं.

साहित्य खऱ्या अर्थाने विचारलं जातं ते केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि एकलव्य निवासी शाळांच्या इंग्रजी शिक्षक पदांना, आणि कॉलेजच्या सेट-नेटला. सेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्न व १०० गुणांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्न व २०० गुणांचा. केंद्रीय भरतीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात का आणि राज्याची टीईटी चालते की सीटीईटीच हवी, या दोन गोष्टी त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा. मागच्या वर्षीच्या क्लासच्या नोटांवर विसंबू नका.

व्याकरण: नियमापासून नाही, आपल्या जिभेपासून

नेहमीची पद्धत अशी: जाडजूड व्याकरण आणायचं, पहिल्या पानापासून नामाचे प्रकार पाठ करायचे आणि काळांपर्यंत पोचता पोचता परीक्षा यायची. उलटं करा. गेल्या ५ वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या. इंग्रजीचे व्याकरणाचे प्रश्न आधी सोडवा, मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तो का चुकला ते मराठीत एका ओळीत लिहा. ‘आर्टिकल’, ‘शब्दयोगी’, ‘काळ’ अशी नुसती लेबलं नकोत. ‘मराठीत मनात वाक्य केलं आणि उचलून ठेवलं’ असं खरं कारण लिहा. शंभरेक चुका जमल्या की दिसेल, त्या आठ-दहा जागांवरच पुन्हा पुन्हा पडताहेत.

त्यातली सगळ्यात सुपीक जागा शब्दयोगी अव्ययांची. आपण समस्ये*बद्दल* चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. इंग्रजीत ‘डिस्कस’ला मध्ये काही लागत नाही. लग्न कुणा*शी* होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’. बरोबर आहे ‘मॅरीड टू’. कुणा*पेक्षा* मोठा, म्हणून ‘सीनियर दॅन’, तिथेही ‘टू’. गणिता*त* हुशार, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. पेपरात अपेक्षित ‘गुड ॲट’. ‘च्यावर अवलंबून’ मात्र सरळ ‘डिपेंड ऑन’ जुळतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मराठी प्रत्यय, उजवीकडे इंग्रजी शब्द. जिथे जुळतं तिथे काही करू नका, जिथे जुळत नाही त्याखालीच रेघ ओढा. असे ६० शब्द झाले की या प्रकारचे बहुतेक प्रश्न हातात येतात.

काळांसाठी अहिराणी घरात असेल तर ती मोठी मदत आहे. मराठीत ‘तू काय करतोस?’ म्हटलं की आत्ता काय चाललंय हेही विचारलेलं असू शकतं आणि पोटापाण्याला काय करतोस हेही. अहिराणीत चालू कामाला वेगळं रूप तोंडात असतं: ‘काय करी ऱ्हायना?’ आणि रोजच्या सवयीला ‘करस’. इंग्रजीतला साधा वर्तमान आणि चालू वर्तमान यांच्यातला फरक हाच. ‘तो शेतमा काम करस’ आणि ‘तो शेतमा काम करी ऱ्हायना’ ही दोन वाक्यं आधी मनात म्हणा, मग इंग्रजी रूप निवडा.

एक अडचण उरते. ‘माले माहीत शे’ किंवा ‘मला माहीत आहे’ यातल्या ‘शे’-‘आहे’मुळे ‘आय ॲम नोइंग’ तोंडी येतं. माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं, समजणं या स्थिती आहेत, कामं नव्हेत; त्यांना चालू काळ लागत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ याच जातीतली चूक.

‘मी ५ वर्षांपासून शिकवतो’ याचं ‘आय ॲम टीचिंग सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं तेव्हा एका वाक्यात दोन चुका असतात. काम मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन टीचिंग’. आणि ५ वर्षं हा कालावधी आहे, सुरुवातीचा क्षण नाही, म्हणून ‘फॉर’. २०२१ पासून म्हणायचं असेल तेव्हा ‘सिन्स’. चूक शोधण्याच्या प्रश्नात एक चूक सापडली की लोक थांबतात. वाक्य दुरुस्त करायला सांगितलं असेल तर पर्यायांत अर्धी दुरुस्ती केलेलं वाक्य हमखास ठेवलेलं असतं.

‘अ’ आणि ‘ॲन’ अक्षरावर नाही, आवाजावर ठरतात. ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ युरोपियन’, ‘अ वन-रुपी कॉइन’. पण ‘ॲन आवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’, ‘ॲन एमएलए’. प्रत्येक पेपरात यातला एक तरी भेटतो.

शेपटीचे प्रश्न, म्हणजे क्वेश्चन टॅग, मराठी माणसाला जड जातात, कारण आपलं एक ‘ना?’ सगळीकडे चालतं. तीन खोड्या लक्षात ठेवल्या की पुरे. ‘आय ॲम लेट’ला ‘आरन्ट आय’. ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी’. आणि ‘नोबडी’, ‘हार्डली’, ‘फ्यू’, ‘लिटल’ हे शब्द आले की वाक्य दिसायला होकारी असलं तरी ते नकारी धरायचं आणि शेपूट होकारी लावायचं: ‘नोबडी कॉल्ड, डिड दे?’ ‘अ फ्यू’ मात्र होकारीच. एका ‘अ’वर अख्खा गुण जातो.

‘वन ऑफ माय फ्रेंड्स’नंतर क्रियापद एकवचनी, ‘नो सूनर’ला ‘दॅन’, ‘हार्डली’ला ‘व्हेन’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’ यांना ‘स’ लागत नाही, ‘लुक फॉरवर्ड टू’नंतर ‘इंग’चं रूप. एवढं एका संध्याकाळी होतं.

उच्चारांवर मात्र वेळ द्या, कारण खान्देशात ते बहुतेक जण सोडून देतात. प्रमाण ब्रिटिश उच्चारात ४४ ध्वनी मोजतात: २० स्वर आणि २४ व्यंजनं. त्या २० पैकी १२ साधे स्वर, ८ जोडस्वर. भूतकाळाचा प्रत्यय लिहिताना एकच, उच्चारताना तीन तऱ्हांचा: ‘वॉक्ड’च्या शेवटी ‘ट’, ‘प्लेड’च्या शेवटी ‘ड’, ‘वॉन्टेड’च्या शेवटी ‘इड’. घशावर बोट ठेवून आधीचा ध्वनी म्हणा. थरथर नसेल तर ‘ट’, असेल तर ‘ड’, आणि मुळात शेवटी ट किंवा डच असेल तर ‘इड’. अनेकवचनालाही हीच युक्ती: ‘कॅट्स’, ‘डॉग्ज’, ‘बसेस’. आपल्या एका ‘व’मागे इंग्रजीचे दोन ध्वनी दडलेले असतात. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दुसऱ्याला ओठ गोल होतात. आरशासमोर दहा मिनिटं उभं राहिलात की कळतं; वाचून नाही कळत.

भाषा कशी शिकली जाते: इथे गुण सोपे, पण तर्क वेगळा

या भागात हुशार उमेदवार चुकतात, कारण ते स्वतः ज्या पद्धतीने शिकले तेच उत्तर निवडतात. प्रश्न विचारतो, विद्यार्थ्याने चुकीचं वाक्य बोललं तर शिक्षकाने काय करावं? पर्याय असतात: लगेच थांबवून नियम सांगावा, चुकीचं वाक्य दहा वेळा लिहून घ्यावं, दुर्लक्ष करावं, बोलणं पूर्ण होऊ द्यावं आणि उत्तर देताना बरोबर रूप सहज वापरावं. उत्तर शेवटचं. ‘लगेच’, ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘पाठ’ असे शब्द पर्यायात दिसले की सावध व्हा. पण ‘कधीच दुरुस्त करू नये’ हेही चूकच. कृती अस्खलितपणासाठी आहे की अचूकतेसाठी, यावर दुरुस्तीची वेळ ठरते.

नावं आणि वर्षं थोडीच लागतात, पण ती एका भांडणाच्या गोष्टीसारखी लावून ठेवा. १९५७ साली स्किनरने मांडलं की भाषा ही सवय आहे, अनुकरण आणि बक्षिसाने बसते. १९५९ मध्ये चॉम्स्कीने त्यावर कडक परीक्षण लिहिलं: मूल कधी न ऐकलेली वाक्यं बोलतं, मग अनुकरण कसलं? क्षमता उपजत आहे. १९६७ मध्ये लेनेबर्गने भाषा शिकायच्या निर्णायक वयाचा मुद्दा पुढे आणला. त्याच वर्षी कॉर्डर म्हणाला, चुका म्हणजे शिकण्याचा पुरावा. १९७२ मध्ये सेलिंकरने शिकणाऱ्याच्या अर्धवट भाषेला ‘इंटरलँग्वेज’ हे नाव दिलं. क्रॅशनने नकळत आत्मसात होणं आणि जाणीवपूर्वक शिकणं यांत भेद केला, आणि सांगितलं की मुलाच्या पातळीपेक्षा एकच पायरी वरचं, पण समजणारं इंग्रजी कानावर पडलं पाहिजे. भीती वाढली की तेही आत जात नाही. व्हिगॉट्स्कीचं समीप विकासाचं क्षेत्र म्हणजे मूल एकट्याने करू शकतं आणि मदतीने करू शकतं यातलं अंतर. मदतीच्या तात्पुरत्या आधाराला ‘स्कॅफोल्डिंग’ म्हणतात. हा शब्द व्हिगॉट्स्कीचा नाही. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी तो या अर्थाने वापरला. प्रश्न नेमका इथेच अडकवतो.

भारतातलं एक नाव सोडू नका: एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या प्रकल्पात त्यांनी व्याकरण न शिकवता कामं देऊन इंग्रजी शिकवायचा प्रयोग केला. कामं तीन प्रकारची: माहितीची दरी, तर्काची दरी, मताची दरी. एसटीचं वेळापत्रक देऊन ‘धुळ्याहून दुपारी दोनपर्यंत जळगावला पोचायचं तर कोणती गाडी?’ असं विचारलं तर ती तर्काची दरी. अर्ध्या वेळा एकाकडे, अर्ध्या दुसऱ्याकडे, आणि विचारून तक्ता भरायचा, ही माहितीची दरी. उदाहरण ओळखायला देतात, व्याख्या विचारत नाहीत.

‘चूक’ आणि ‘घसरण’ यांतला फरक पक्का करा. लक्ष वेधल्यावर मूल स्वतः सुधारू शकलं तर ती घसरण. सुधारूच शकलं नाही तर चूक, कारण नियमच अजून बसलेला नाही. चुकांचंही सगळं खापर मातृभाषेवर फोडू नका. ‘ही गो’ असं लिहिणारं मूल पाहिलं की मोह होतो म्हणायचा, अहिराणीत ‘मी करस, तू करस, तो करस’ असं एकच रूप म्हणून हे झालं. पण ‘ही गोज’मधला हा शेवटचा प्रत्यय जगभरची मुलं गाळतात, इंग्रजी मातृभाषा असलेलीसुद्धा. ‘वेन्ट’ऐवजी ‘गो-एड’ म्हणणाऱ्याने तर नियम शिकून तो जास्तच ताणलाय. ही विकासातली चूक. तिथे ‘मातृभाषेचा अडथळा’ हा पर्याय चुकीचा. ‘डिस्कस अबाउट’ मात्र खरोखर मातृभाषेतून आलेली.

धडगाव-मोलगीच्या बाजूला वर्गातल्या मुलाची घरची भाषा पावरी किंवा भिली असते. मराठी त्याची दुसरी, इंग्रजी तिसरी. असा वर्ग प्रश्नात आला तर घरची भाषा हे साधन मानणारा पर्याय धरा, अडचण मानणारा नको. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा बहुभाषिकतेला संसाधन म्हणतो आणि २०२० चं शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवायला सांगतं. गटचर्चेत मुलं पावरीत बोलली आणि निष्कर्ष इंग्रजीत सांगितला, तर तो तास फुकट गेला असं पेपर काढणारा मानत नाही.

मूल्यमापनाचे प्रश्न शब्दांवर फिरतात. शिकवताना सुधारण्यासाठी घेतलेली चाचणी आकारिक, शेवटी घेतलेली संकलित, नेमकं कुठे अडतंय ते शोधणारी नैदानिक. तिच्यानंतरच उपचारात्मक अध्यापन येतं. ऐकण्याची परीक्षा घ्यायची आणि गुण शुद्धलेखनाचे कापायचे, तर चाचणीची वैधता गेली. विश्वसनीयता ही वेगळी गोष्ट: दोन परीक्षकांनी तपासलं तरी गुण सारखे येणं.

साहित्य: तारखांच्या खुंट्या आणि कानाची सवय

साहित्याचा इतिहास सरळ पाठ होत नाही. आधी खुंट्या ठोका, मग त्यांवर नावं टांगा. १६०३ मध्ये पहिली एलिझाबेथ गेली. त्यानंतरचा शेक्सपिअर जॅकोबियन काळातला. त्याची १५४ सॉनेट्स १६०९ मध्ये छापली गेली, नाटकांचा पहिला फोलिओ १६२३ मध्ये, म्हणजे १६१६ मधल्या मृत्यूनंतर. १६४२ मध्ये नाट्यगृहं बंद, १६६० मध्ये राजा परतला. १६६७ मध्ये मिल्टनचं महाकाव्य ‘पॅराडाइज लॉस्ट’ १० सर्गांत आलं, १६७४ मध्ये त्याचे १२ झाले. १७९८ मध्ये वर्ड्‌स्वर्थ-कोलरिजच्या ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाने रोमँटिक काळ मोजायला सुरुवात होते. पण गाजलेली प्रस्तावना १८०० च्या आवृत्तीत आली, आणि प्रश्न त्यावरच असतो. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१. १९२२ मध्ये एलियटची दीर्घ कविता ‘द वेस्ट लँड’ आणि जॉइसची कादंबरी ‘युलिसिस’ एकाच वर्षी.

चुकीच्या खुंटीवर टांगली जाणारी दोन नावं: जेन ऑस्टिन १८१७ मध्येच वारली, ती व्हिक्टोरियन नाही. हॉपकिन्स १८८९ मध्ये गेला, पण त्याच्या कविता संग्रहरूपाने १९१८ मध्ये आल्या.

भारतीय इंग्रजीसाठी १९३५ (मुल्कराज आनंद आणि आर. के. नारायण, दोघांच्या पहिल्या कादंबऱ्या), १९३८ (राजा राव) आणि १९७६ (अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’) एवढ्यावर सुरुवात होते.

छंदात आपला मराठी कान फसवतो. गणवृत्तात आपण लघु-गुरू मोजतो, म्हणजे अक्षर किती वेळ टिकतं ते. इंग्रजीत आघात मोजतात. म्हणून ‘आयँब’ला लघु-गुरूची जोडी समजू नका, ती निराघात-साघात जोडी आहे. ओळ म्हणताना बाकावर टिचकी मारा. पाच टिचक्या आणि दहा अक्षरं आली तर आयँबिक पेंटॅमीटर. त्याला यमक नसेल तर ब्लँक व्हर्स. सलग दोन-दोन ओळींत यमक असेल तर हिरोइक कपलेट. छंदच नसेल तर फ्री व्हर्स. ब्लँक आणि फ्री यांत गल्लत करून दरवर्षी गुण जातात. सॉनेटच्या ओळी १४: पेट्रार्कचं ८ अधिक ६, शेक्सपिअरचं तीन चौकड्या आणि एक जोडी.

अलंकारांत बरेच ओळखीचे: उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, श्लेष. अनुप्रासही आवाजावर ठरतो, म्हणून ‘नाइट’ (रात्र) आणि ‘नी’ (गुडघा) स्पेलिंगने वेगळे असूनही जुळतात. खरी अडचण मेटॉनिमी आणि सिनेकडकीची. ‘वेचणीला दहा हात कमी पडले’ यात हात हा माणसाचाच भाग, ही सिनेकडकी. ‘अख्खं यावल रस्त्यावर उतरलं’ यात गाव माणसांचा भाग नाही, नुसता संबंध आहे, ही मेटॉनिमी.

न वाचलेली कविता आली तर आधी बोलणारा कोण आणि तो कुणाशी बोलतोय ते ठरवा. शेवटच्या दोन ओळी पहिल्यांदा वाचा, मग वरून खाली. ‘टोन’ विचारला असेल आणि दोन पर्याय जवळचे वाटले, तर कवितेतला एक शब्द बोटाखाली धरून दाखवता येईल तोच पर्याय घ्या.

वेळेची आखणी

राज्याची टीईटी नोव्हेंबरात झाली: २०२४ मध्ये १० तारखेला, २०२५ मध्ये २३ तारखेला. खान्देशात हे महिने कापूस वेचणीचे आणि दिवाळीचे. शेतकरी घरातल्या उमेदवाराला ऑक्टोबरनंतर सलग वेळ मिळत नाही. पोळ्यापासून सुरू करून दसऱ्यापर्यंत पहिलं वाचन संपवा. रोज दोन तास धरले तर ४० मिनिटं व्याकरणाच्या चुकांची वही, ३० मिनिटं भाषाशिक्षण, उरलेली ५० सामाजिक शास्त्रं आणि बालविकासाला. केंद्रीय भरतीची तयारी असेल तर साहित्याला वेगळा तास काढा. टीईटीच्या वेळातून तो चोरू नका. पुस्तकांत बालभारतीची सहावी ते आठवीची इंग्रजी पुस्तकं आधी, त्यात शिक्षकांसाठीच्या सूचना असतात त्या न वगळता. साहित्यासाठी कुमारभारती, युवकभारती आणि एनसीईआरटीची नववी ते बारावी.

दसऱ्यानंतर फक्त सराव पेपर, आठवड्याला दोन, घड्याळ लावून आणि उत्तरपत्रिकेची छापील प्रत घेऊन. १५० पैकी १० मिनिटं गोल रंगवण्यात जातात, हे घरीच कळलेलं बरं. इंग्रजीचे ३० प्रश्न २५ मिनिटांत बसवा: उताऱ्याचे प्रश्न आधी वाचा, मग उतारा, आणि उत्तर उताऱ्यात लिहिलेलं असेल तेच द्या, तुम्हाला ठाऊक असलेलं नको. दर ३० प्रश्नांनंतर प्रश्नक्रमांक आणि गोलाचा क्रमांक ताडून पाहा. एक गोल सरकला की पुढचे सगळे सरकतात आणि शाई खोडता येत नाही. गुण कापत नसतील तिथे शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे गोल भरा, एकही कोरा ठेवू नका.